लूक कॅस्टेलनचं नेमकं चुकलं कुठे?

आरोहीची_आई
(पर्सी जॅक्सनची पाच पुस्तकं ज्यांना अजून वाचायची आहेत त्यांनी इथूनच परत फिरा. खाली सगळी गोष्ट फोडली आहे.)

माझी लेक ११ वर्षांची. दिवाळीच्या सुट्टीत तिनं रिक रायर्डनची पाचही पुस्तकं लागोपाठ संपवली. शेवटचं संपलं त्या रात्री अकरा वाजता डोळे पुसत माझ्या खोलीत आली. "आई, लूक गेला." मी झोपेत म्हटलं, "अगं, तो तर व्हिलन ना?" त्यावर ती म्हणाली, "हो, पण त्याचं चुकलं काय ते सांग ना मला." मला सांगता येईना. मग मीही पाचही पुस्तकं वाचली. दीड महिना लागला.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. ग्रीक देवांना माणसांपासून झालेली मुलं लाँग आयलंडवरच्या एका छावणीत राहतात. बारा देवांच्या बारा केबिन. देव एखादी खूण दाखवून 'हे माझं मूल' असं कबूल करतो, त्याला क्लेम करणं म्हणतात. ज्यांना कोणीच क्लेम करत नाही ती सगळी पोरं अकरा नंबरच्या, हर्मीसच्या केबिनमध्ये. हर्मीस वाटसरूंचा देव, म्हणून त्याचं दार सगळ्यांना उघडं. तिथे इतकी दाटी की नव्या मुलाला जमिनीवर हातभर जागा मिळते. पर्सी येतो तेव्हा त्यालाही तेवढीच मिळते. आणि हर्मीसचाच मुलगा लूक त्याला स्लीपिंग बॅग आणून देतो, छावणीच्या दुकानातून चोरलेलं साबण-ब्रशचं सामानही देतो.

हाच लूक पुढे झ्यूसचं वज्र चोरतो, झ्यूसच्या बापाला, क्रोनसला, जागं करतो आणि देवांच्या घरावर, ऑलिंपसवर, फौज घेऊन जातो. का, तर देव मुलं जन्माला घालतात, विसरतात, आणि गरज पडली की मरायला पाठवतात. यातलं खोटं काय आहे? शेवटी पर्सीला देव अमर करायला निघतात, तर तो ते नाकारतो आणि मागतो काय? तेराव्या वर्षापर्यंत प्रत्येक मुलाला क्लेम करा, धाकट्या देवांच्या मुलांनाही केबिन द्या, आणि तशी स्टिक्स नदीची शपथ घ्या. ही लूकचीच मागणी झाली की! मग एक नायक आणि दुसरा खलनायक का?

घाटवाट
वाचतोय. लूक माझ्या फार जवळचा आहे. रात्री सविस्तर लिहितो.

दत्ताकाका
नातवामुळे मीही ही पुस्तकं वाचली आहेत. मी तीस वर्षं कारखान्यात काढली, त्यातली बारा युनियनच्या कमिटीवर. त्या नजरेनं सांगतो. आमच्याकडे आधी मागणीपत्रक तयार व्हायचं. मग नोटीस, मग गेटसभा, मग वाटाघाटी, आणि काहीच नाही झालं तर संप. लूककडे फौज आहे, जहाज आहे, तलवार आहे, फक्त मागणीपत्रक नाही. ऑलिंपस पाडल्यावर त्या अकरा नंबरच्या पोरांचं पुढे काय होणार, हे तो एकदाही सांगत नाही. पर्सीनं शेवटी जे केलं ते मागणीपत्रक. कलमवार, मुदतीसकट. तेराव्या वर्षापर्यंत म्हणजे तेराव्या वर्षापर्यंत.

शांभवी_
कोणीतरी लिहील म्हणून वाट पाहत होते, आता मीच लिहिते. कर्ण!

कुंती कर्णाला 'तू माझा' म्हणून कधी सांगते? युद्ध तोंडावर आल्यावर, गंगेकाठी, बाकीचे पाच वाचावेत म्हणून. त्याआधी रंगभूमीवर सगळ्यांसमोर त्याचं कुळ विचारलं जातं तेव्हा ती गप्प असते. पर्सीचा बाप, समुद्राचा देव पोसायडन, त्याला कधी क्लेम करतो ते बघा. बारा वर्षं पत्ता नाही, आणि वज्र चोरीला जाऊन युद्धाची पाळी आल्यावर पोराच्या डोक्यावर त्रिशूळ झळकतो. मुलाची ओळख पालकाच्या गरजेनुसार ठरते, ही चीड दोन्हीकडे एकच आहे. फरक इतकाच की पर्सीनं ती गिळली आणि लूकनं नाही गिळली.

नीरज_ठा
कर्णाची उपमा मला पटत नाही. दुर्योधनानं कर्णाला अंगदेश खरोखर दिला, भर सभेत मान दिला, आणि कर्ण ते ऋण शेवटपर्यंत फेडत राहिला. क्रोनसनं लूकला काय दिलं? स्वप्नात येऊन कान भरले, एवढंच. शिवाय कर्ण आपल्या माणसांशी दगाफटका करत नाही. लूकची यादी बघा. १२ वर्षांच्या पोरावर विषारी विंचू सोडला. लूकची जुनी सोबतीण थालिया ज्या झाडात अडकली होती त्या झाडाला विष घातलं, आणि ती झाड झाली होती ती याला आणि त्यांच्यातल्या धाकट्या ॲनाबेथला वाचवताना. तिसऱ्या पुस्तकात तो आभाळाच्या ओझ्याखाली दबलेला असतो आणि ॲनाबेथकडे मदत मागतो. ती बिचारी धावत येऊन ते ओझं आपल्या खांद्यावर घेते. हा बाहेर पडतो आणि तिला तशीच सोडून निघून जातो. सात वर्षांची असताना जिला हातात सुरी देऊन 'आपण एकमेकांचं कुटुंब' असं वचन दिलं होतं, तीच ही मुलगी.

बापानं टाकलं म्हणून वाईट वाटतं, मान्य. पण मुलांना हे वाचून दाखवताना 'बिचारा लूक' म्हणून सोडून देऊ नये असं मला मनापासून वाटतं.

एडिसनकर
नीरज, सहमत आणि असहमत दोन्ही. आधी एक गंमत. आमचा धाकटा आठ वर्षांचा असताना त्याला एम्पायर स्टेट बिल्डिंगला नेलं. इमारत १०२ मजल्यांची, पण पुस्तकात ऑलिंपस तिच्या सहाशेव्या मजल्यावर आहे. हा सरळ पहारेकऱ्यापाशी गेला आणि म्हणाला, सहाशेव्या मजल्यावर जायचंय. तो माणूस गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, आज बंद आहे. तो दिवस आमच्या घरात सणासारखा आठवला जातो.

आता मुद्दा. ग्रीक पुराणातला क्रोनस कोण? युरेनस आपल्या पोरांना बाहेरच येऊ देत नव्हता, म्हणून क्रोनसनं विळ्यानं बापाला पाडलं. मग आपलंही तसंच होईल या भीतीनं स्वतःची पाच मुलं एकेक करून गिळली. सहावा झ्यूस, त्याच्या जागी आईनं धोंडा दिला म्हणून वाचला, आणि त्यानं क्रोनसला पाडलं. हेसिअडनं हे अडीच हजारांहून जास्त वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय. म्हणजे या घराण्यात क्रांती नवी नाही, दर पिढीत एक झालेली आहे, आणि दर वेळी जिंकलेला मुलगा पुढे तसलाच बाप होतो.

आता लूकची निवड बघा. पोरांना विसरणाऱ्या बापांविरुद्ध लढायला तो पोरांना गिळणाऱ्या बापाला बोलावतो. आणि चौथ्या पुस्तकात सोन्याच्या शवपेटीतून लूकचं शरीर उठतं ते क्रोनसच्या आवाजात बोलतच. गिळला की नाही त्यालाही?

शांभवी_
अंगावर काटा आला एडिसनकर. इतक्यांदा वाचूनही हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

चकलीभाजणी
थोडं अवांतर. पर्सीची आई सगळं निळं खायला करते ना, नवऱ्यानं 'निळं अन्न नसतंच' म्हटलं म्हणून? आमच्याकडे यंदा चतुर्थीला त्यापायी निळे मोदक झाले. गोकर्णाची फुलं गरम पाण्यात टाकून त्या पाण्यात उकड काढली. रंग सुरेख येतो, फक्त लिंबाचा थेंबही पडू देऊ नका, लगेच जांभळा होतो. सासूबाईंनी आधी नाक मुरडलं, मग चार खाल्ले.

पण लिहिता लिहिता दुसरंच स्वयंपाकघर आठवलं. शेवटच्या पुस्तकात पर्सी आणि त्याचा मित्र निको लूकच्या आईला, मे कॅस्टेलनला, भेटायला जातात. ती डेल्फीची भविष्यवाणी अंगात घ्यायला गेली आणि पाताळाचा देव हेडिस याच्या शापानं तिचं डोकं फिरलं. मधूनच तिचे डोळे पेटतात, लूकचा शेवट दिसतो, ती पोराला घट्ट धरून किंचाळते. लूक नऊ वर्षांचा असताना घर सोडून पळाला तो यामुळे. आणि ही बाई इतकी वर्षं रोज त्याच्यासाठी डबा भरतेय. पीनट बटरच्या सँडविचचे डबे एकावर एक रचलेले, खालच्यांना हिरवी बुरशी आलेली. भट्टीत बिस्किटं करपलेली. पर्सी दारात दिसतो तर तिला वाटतं लूकच आला जेवायला.

मी ते पान वाचताना पुस्तक मिटून ठेवलं होतं. आरोहीची आई, तुम्ही विचारलंत ना, एक नायक आणि दुसरा खलनायक का. पर्सीला सॅलीसारखी आई मिळाली. दोघांचेही बाप देव, दोघांचेही गायब. पण पर्सी शाळेतून कितीदाही हाकलला गेला तरी घरी निळी बिस्किटं तयार. मला यापलीकडे कारण शोधावंसं वाटत नाही.

ग्रंथपाल
चकलीभाजणी, तुमचं म्हणणं मनाला भिडलं, तरी पूर्ण पटत नाही, कारण थालिया. तिचा बाप झ्यूस, आई दारूच्या आहारी गेलेली, तीही घरातून पळालेली. लूकबरोबरच रस्त्यावर वाढली. बारा वर्षांची असताना टेकडीवर मरायला टेकली तेव्हा बापानं काय केलं, तर तिचं झाड. तिसऱ्या पुस्तकात लूक तिला देवांना संपवण्याची ताकद देऊ करतो. तिचा हात क्षणभर थबकतो, ते फार खरं लिहिलंय. पण ती नाही म्हणते. तिच्याकडे कुठे होती सॅली?

मी शाळेच्या ग्रंथालयात २२ वर्षं आहे. मुलं लूकबद्दल बोलतात, पण एक नाव विसरतात. ईथन नाकामुरा. सूडाची देवी नेमेसिस हिचा मुलगा, एक डोळा आईला देऊन बसलेला, कारण तिनं सांगितलं की त्या बदल्यात तू जगाचा तोल बदलशील. त्याला सूड नको होता. आपल्या आईसारख्या धाकट्या देवांना मान मिळावा, एवढंच हवं होतं. दत्ताकाका, तुमचं मागणीपत्रक त्या मुलाच्या खिशात होतं. शेवटी क्रोनसवर तलवार उगारून मरताना तो तेच सांगून जातो. पर्सीनं जे मागितलं त्यात निम्मे शब्द ईथनचे आहेत. त्याच्यासाठी मात्र कुणाला रडताना मी पाहिलं नाही.

नीरज_ठा
ईथन! खरंच विसरलो होतो. ग्रंथपालताई, आभार.

घाटवाट
रात्री लिहितो म्हटलं होतं, तीन रात्री गेल्या.

मी पाचवी ते दहावी वसतिगृहात होतो. कुठलं ते महत्त्वाचं नाही. एका हॉलमध्ये चाळीस मुलं, प्रत्येकाची एक पत्र्याची पेटी, पेटीला कुलूप, पेटीच्या पुढ्यात अंथरूण. रविवार भेटीचा. सकाळी आंघोळ करून, केसांना पाणी लावून सगळे फाटकापाशी उभे राहायचे. कुणाची आजी लाडू घेऊन यायची, कुणाचा चुलता. नाव पुकारलं की पोरगा धावत सुटायचा. दुपारी दोनपर्यंत फाटकाशी जी सात-आठ मुलं उरायची त्यात मी कायम. माझे वडील मुंबईला होते. सहा वर्षांत दोनदा आले. दोन्ही वेळा कागदावर सही हवी होती म्हणून.

अकरा नंबरची केबिन मी बत्तीस वर्षांचा असताना पहिल्यांदा वाचली, पुतण्याला पुस्तक देण्याआधी सहज चाळत होतो. बसमध्ये होतो, माझा स्टॉप गेला.

पहिल्या रात्री माझ्याकडे सतरंजी नव्हती. नववीतला एक दादा आला, नाव विचारलं, गाव विचारलं, आणि आपली सतरंजी अर्धी माझ्याकडे सरकवली. साबणाची अर्धी वडीही दिली, दोऱ्यानं कापून. त्या जागेत माझं नाव विचारणारा तो पहिला माणूस. त्याचेही कोणी यायचे नाहीत. दादा सगळ्या उरलेल्या पोरांचा होता.

मी सहावीत असताना जेवणावरून तंटा झाला. डाळीत खडे, भाकरीला वास. दादानं थाळ्या वाजवल्या, सगळ्यांना वाजवायला लावल्या. त्यात काही चूक नव्हती, आजही वाटत नाही. पण कोणी ऐकलं नाही. मग एका रात्री त्यानं कोठीची खोली फोडायची ठरवली, आत काय काय दडवलंय ते सगळ्यांना दाखवायला. खिडकीचे गज अरुंद. मला उठवलं. म्हणाला, तू बारीक आहेस, तू जाशील आत.

मी गेलो. पकडलाही मीच गेलो. दादा भिंतीपलीकडे होता, तो पळाला. मला काय झालं ते लिहीत नाही. दादाला आठवड्यानं काढून टाकलं. पुढच्या महिन्यापासून डाळ मात्र बरी यायला लागली.

त्यामुळे लूकचं चुकलं कुठे हे मला कळतं, नीरज, तुमच्या यादीतला प्रत्येक शब्द मला कळतो. आणि तरी लूकवर कोणी नुसता वाईट म्हणून शिक्का मारला की मला आत कुठेतरी दुखतं.

शांभवी_
घाटवाट, काय लिहू. वाचून बराच वेळ तशीच बसले.

दत्ताकाका
बाळा, तुझं वाचून माझं आधीचं लिहिणं मलाच अपुरं वाटलं. तुझ्या एका वाक्यावर अडलो आहे. 'पुढच्या महिन्यापासून डाळ बरी यायला लागली.' हाच प्रश्न पुस्तकातही आहे. लूकनं युद्ध केलं नसतं तर देवांनी पर्सीचं मागणीपत्रक वाचलं तरी असतं का? माझा अनुभव सांगतो की मालक दार उघडतो ते बाहेरचा आवाज ऐकूनच. वाटाघाटीला बसणाऱ्याचं नाव होतं, आवाज करणाऱ्याचं होत नाही.

नीरज_ठा
काका, पण पर्सीचं ऐकलं ते त्यानं ऑलिंपस वाचवलं म्हणून. त्याचं देणं होतं देवांवर.

दत्ताकाका
वाचवायची वेळ कोणी आणली?

ग्रंथपाल
आणि स्वतः लूकही शेवटी तेच करतो. ॲनाबेथची सुरी मागून घेतो आणि डाव्या काखेखाली, जिथे त्याला इजा होऊ शकते त्या एकाच जागी, स्वतःला मारतो, क्रोनससकट. जाताना पर्सीला एवढंच सांगतो की ईथन, मी, क्लेम न झालेली सगळी, हे पुन्हा होऊ देऊ नकोस. म्हणजे मागणीपत्रक शेवटी त्यानंच पर्सीच्या हातात दिलं. ते लिहायला त्याला पाच पुस्तकं लागली.

एडिसनकर
त्या शपथेचं पुढे काय झालं तेही सांगितलं पाहिजे. देवांनी बेटावर कैदेत ठेवलेल्या कॅलिप्सोलाही सोडा, असं पर्सीनं म्हटलं होतं. पुढच्या मालिकेत कळतं की ती अजून बेटावरच आहे, देवांनी हो म्हटलं आणि पर्सीनंही मागे वळून पाहिलं नाही. पर्सीला त्याची बोच लागते. माझ्या थोरल्याला त्याचा खूप राग आला होता, मला मात्र लेखकाचं ते फार प्रामाणिक वाटलं.

चकलीभाजणी
घाटवाट, तुमचा तो दादा पुढे कधी भेटला का? सांगायचं नसेल तर राहू द्या.

घाटवाट
नाही भेटला. दोनदा शोधलं.

आरोहीची_आई
सगळ्यांचे आभार. धागा इतका जाईल असं वाटलं नव्हतं. घाटवाट, तुम्हाला व्यक्तिगत निरोप करून परवानगी घेतली होती, त्याप्रमाणे तुमचा प्रतिसाद आरोहीला वाचून दाखवला. कोठीच्या खिडकीपर्यंतचाच.

ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर पहिलं पुस्तक घेऊन बसली आणि पेन्सिलनं दोन ठिकाणी खुणा करून माझ्याकडे आणलं. पहिली खूण, लूक स्लीपिंग बॅग देतो तिथे. दुसरी, मोहिमेला निघताना तो पर्सीला उडणारे बूट भेट देतो तिथे. हेच बूट पुढे पर्सीचा मित्र ग्रोव्हर याला फरफटत पाताळातल्या टार्टारसच्या खड्ड्याकडे नेतात, कारण पर्सीनं ते त्याला दिलेले असतात.

ती म्हणाली, "आई, बॅग दिली तेव्हा पर्सी कोणीच नव्हता. बूट दिले तेव्हा तो पोसायडनचा मुलगा होता. म्हणजे कामाचा झाला होता. लूकनं देवांसारखंच केलं ना?"

मी तिला काही उत्तर दिलं नाही. तिला हवंही नव्हतं, ती खेळायला गेली.

नीरज_ठा
११ वर्षांची?! माझे सगळे शब्द परत घेतो, तिला काहीही वाचून दाखवा.

पण तिला एक विचारा. बॅग द्यायच्या आधी त्याच दिवशी पर्सीनं बाथरूममधलं पाणी त्याला छळणाऱ्या क्लॅरिसवर उसळवलं होतं. ते छावणीभर पसरलं असणार. लूकनं वज्र तर आदल्या हिवाळ्यातच चोरलं होतं, तो पोसायडनच्या मुलाची वाटच बघत असेल. मग बॅगसुद्धा हिशोबानंच दिली असेल की.

आरोहीची_आई
विचारलं. म्हणाली, "असू शकतं." आणि मग बराच वेळानं, "पण त्या काकांना विचार."

घाटवाट
आरोहीला सांगा, मीही खूप वर्षं हाच विचार केलाय. पहिल्या रात्री सतरंजी सरकवताना दादानं मी किती बारीक आहे ते पाहिलं होतं का. हॉलमध्ये एकच बल्ब होता, तोही दाराशी. माझी जागा पार टोकाला, अंधारात. त्याला माझा चेहराही नीट दिसला नसणार, म्हणून तर त्यानं नाव विचारलं.